पोस्ट कुठे असावं, हे ठरवताना वस्तीला कोण विचारतं?

मराठवाड्यातल्या एका गावात निराधार योजनेच्या लाभार्थी महिलांची यादी करत होतो. एक आजी म्हणाली, "पैसे येतात बाळा, पण काढायला जायचं जिवावर येतं." आधी मला वाटलं, बँक लांब असेल. पण आजीचं खातं पोस्टात होतं आणि पोस्ट गावातच होतं. पूर्वी ते ग्रामपंचायतीच्या एका खोलीत, रस्त्याला लागून भरायचं. बौद्धवाड्यातून पाच मिनिटांचं अंतर. मग शाखा पोस्टमास्तर बदलले आणि पोस्ट गावठाणातल्या एका घराच्या ओसरीवर गेलं. अंतर फारसं वाढलं नाही. पण आता आमच्या बायका ओसरीच्या खाली उभ्या राहतात. अंगठ्याचं मशीन खाली आणून दिलं जातं, पैसे वरून हातात ठेवले जातात. कोणी कोणाला "वर येऊ नका" असं म्हणत नाही. म्हणायची गरजही पडत नाही.

मी चौकशी केली की जागा बदलण्याचं कोणी ठरवलं, गावाला विचारलं होतं का, काही कागद आहे का. कागद कोणाकडेच नव्हता. ग्रामसभेत विषय आला नव्हता. वस्तीला तर पोस्ट हललेलं तेव्हाच कळलं, जेव्हा एक मावशी जुन्या खोलीला कुलूप बघून परत आली.

हा प्रश्न एका गावाचा असता तर तो स्थानिक पातळीवर तक्रार करून सोडवता आला असता. पण त्यामागे कायद्यातली एक मोकळी जागा आहे. पोस्ट उघडणं, बंद करणं किंवा हलवणं याबाबत लोकांचं म्हणणं ऐकून घेण्याचं कोणतंही कायदेशीर बंधन आपल्याकडे पोस्ट खात्यावर नाही. अमेरिकेत असा कायदा पन्नास वर्षांपासून आहे. त्याचं काय चांगलं आहे, काय अपुरं आहे आणि तो जसाच्या तसा उचलला तर आपल्या वस्त्यांचं भलं होईल की नुकसान, हे तरुण कार्यकर्त्यांनी समजून घेणं गरजेचं आहे.

नवा कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे १८९८ चा इंग्रजांच्या काळातला भारतीय डाकघर कायदा सव्वाशे वर्षं चालला. त्याच्या जागी डाकघर कायदा, २०२३ आला. राज्यसभेत ४ डिसेंबर २०२३ ला आणि लोकसभेत १८ डिसेंबरला तो मंजूर झाला, आणि १८ जून २०२४ पासून लागू झाला. चर्चा झाली ती मुख्यतः एकाच मुद्द्यावर: टपाल अडवून तपासण्याचा सरकारला दिलेला अधिकार. तो मुद्दा महत्त्वाचा आहेच. पण या कायद्यात काय नाही, याकडे फार कोणी पाहिलं नाही.

पोस्टानं कोणत्या सेवा द्यायच्या ते केंद्र सरकार नियमांनी ठरवणार, आणि कामकाजाचे विनियम महासंचालक करणार. पोस्ट कुठे असावं, किती अंतरावर असावं, हलवायचं झालं तर कोणाला कळवावं, यावर कायद्यात एक कलमही नाही. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत डाक हा विषय केंद्र सूचीत आहे. त्यामुळे राज्य सरकार किंवा ग्रामपंचायत यात हात घालू शकत नाही. निवेदन देऊ शकते, त्यापलीकडे काही नाही.

मग गावात पोस्ट उघडायचं की नाही हे ठरतं कशावर? खात्याच्या स्वतःच्या निकषांवर. सर्वसाधारण ग्रामीण भागात शाखा डाकघरासाठी गावांच्या गटाची लोकसंख्या किमान ३,००० हवी. डोंगराळ आणि आदिवासी भागात एकट्या गावासाठी ५०० चालते. जवळच्या पोस्टापासून साधारण ३ किलोमीटरचं अंतर हवं. आणि त्या पोस्टाचं अपेक्षित उत्पन्न खर्चाच्या किमान एक तृतीयांश हवं, डोंगराळ व आदिवासी भागात १५ टक्के. हे आकडे मनमानी नाहीत, त्यामागे हिशेब आहे. पण हे प्रशासकीय निकष आहेत. त्यांचा भंग झाला म्हणून गावकऱ्याला दाद मागता येईल असा कायदेशीर हक्क त्यातून तयार होत नाही.

आणि या निकषांत गाव हा एकच ठिपका धरला आहे. नकाशावर गावाचं नाव आलं की पोस्ट "गावात" आलं. गावात वाडे असतात, वस्त्या असतात, ओढ्यापलीकडचं टोक असतं, हे त्या नकाशात दिसत नाही.

पोस्ट ज्याच्या घरात, त्याच्या उंबऱ्याचा प्रश्न

आपल्या देशात सुमारे १ लाख ६५ हजार पोस्ट ऑफिसं आहेत आणि त्यातली जवळपास ९० टक्के ग्रामीण भागात आहेत. ग्रामीण पोस्टांपैकी बहुतेक शाखा डाकघरं आहेत, जी ग्रामीण डाक सेवक चालवतात. आपल्या समाजातली कितीतरी मुलं-मुली दहावीच्या गुणांवर होणाऱ्या या भरतीचे अर्ज भरतात. त्यांना एक अट माहीत असते: शाखा पोस्टमास्तर म्हणून निवड झाली की पोस्टासाठी जागा स्वतःच पाहायची, तीही त्या पोस्टाच्या गावात. त्यासाठी मिळणारा भत्ता तुटपुंजा असतो.

म्हणजे एका सार्वजनिक कार्यालयाची जागा एका व्यक्तीच्या घरावर किंवा तिच्या ओळखीवर अवलंबून राहते. समाजशास्त्राच्या भाषेत बोलायचं तर राज्यसंस्थेची सेवा खासगी उंबऱ्याच्या आत जाते, आणि तो उंबरा ज्या जातीचा आहे त्या जातीचे नियम तिथे लागू होतात. वर सांगितलेल्या ओसरीचं मूळ इथं आहे.

याची दुसरी बाजूही आपल्या मुलांना चांगली माहीत आहे. आरक्षणातून निवड झालेला बौद्ध मुलगा दुसऱ्या गावात शाखा पोस्टमास्तर म्हणून जातो. गावाच्या मध्यभागी भाड्यानं खोली शोधायला लागतो. आडनाव विचारलं जातं, मग खोली "आधीच दिलेली" असते. शेवटी त्याला आपल्याच वस्तीत जागा मिळते, आणि मग "पोस्ट तिकडं गेलं, आम्हाला लांब पडतं" अशा तक्रारी सुरू होतात. अंतर दोन्ही वेळा सारखंच असतं. ओसरी वरच्या आळीत असते तेव्हा मात्र आमच्या आजीला ते लांब पडतं, असं कोणी लिहून देत नाही.

हा केवळ अनुभवाचा प्रश्न नाही. घनश्याम शहा, हर्ष मंदर, सुखदेव थोरात, सतीश देशपांडे आणि अमिता बाविस्कर यांनी ग्रामीण भारतातल्या अस्पृश्यतेवर केलेला अभ्यास २००६ मध्ये पुस्तकरूपात आला. ११ राज्यांतल्या ५६५ गावांची पाहणी त्यात होती. त्यातल्या जवळपास एक चतुर्थांश गावांत दलितांच्या घरी टपाल पोहोचवलं जात नाही, असं त्यात आढळलं. त्या पाहणीला आता वीस वर्षं होऊन गेली आणि पत्रांची संख्याही घटली आहे. पण पोस्टाचं महत्त्व घटलेलं नाही, त्याचं रूप बदललं आहे. २०१८ साली इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक सुरू झाल्यापासून गावातलं पोस्ट म्हणजे पैसे काढण्याची जागा झाली. निराधार योजना, श्रावणबाळ, लाडकी बहीण, रोजगार हमीची मजुरी, शिष्यवृत्ती, यांतलं कितीतरी आधारच्या जोरावर पोस्टातल्या खात्यात जमा होतं. पोस्टाची जागा बदलली की हक्काच्या पैशाकडे जाणारी वाटही बदलते.

अमेरिकेने काय केलं?

अमेरिकेत १९७० साली पोस्ट खात्याची पुनर्रचना झाली. सरकारी खात्याऐवजी 'युनायटेड स्टेट्स पोस्टल सर्व्हिस' ही स्वतंत्र संस्था बनली आणि तिनं स्वतःच्या उत्पन्नावर चालावं असं ठरलं. तेव्हाच लोकप्रतिनिधींना भीती वाटली की तोट्यातली छोटी पोस्टं आधी बंद होतील. म्हणून कायद्यातच लिहिलं गेलं की ग्रामीण भाग आणि छोट्या गावांना पुरेशी व नियमित सेवा द्यायची, आणि केवळ तोट्यात आहे एवढ्याच कारणावरून कोणतंही छोटं पोस्ट बंद करायचं नाही.

१९७६ साली या कायद्यात दुरुस्ती झाली आणि पोस्ट बंद करण्याची पद्धत ठरवून दिली गेली. पोस्ट बंद करायचं किंवा दुसऱ्यात विलीन करायचं असेल तर किमान ६० दिवस आधी ग्राहकांना सूचना द्यायची, म्हणजे लोकांना आपलं म्हणणं मांडता येईल. निर्णय घेताना त्या समुदायावर काय परिणाम होईल, कर्मचाऱ्यांवर काय होईल, ग्रामीण सेवेच्या धोरणाशी ते जुळतं का आणि किती पैसे वाचतील, हे तपासायचं. निर्णय लेखी द्यायचा आणि त्यात या प्रत्येक मुद्द्यावरचे निष्कर्ष असले पाहिजेत. लेखी निर्णय लोकांना उपलब्ध झाल्यावर आणखी ६० दिवस त्याची अंमलबजावणी करायची नाही.

पुढचा भाग आपल्यासाठी सर्वात महत्त्वाचा आहे. त्या पोस्टातून सेवा घेणारी कोणतीही एक व्यक्ती ३० दिवसांत बाहेरच्या नियामक आयोगाकडे अपील करू शकते. आयोगानं १२० दिवसांत निकाल द्यायचा असतो आणि तोपर्यंत पोस्ट बंद करण्याला तो स्थगितीही देऊ शकतो. पद्धत पाळली नसेल, निर्णय मनमानी असेल किंवा त्याला पुरेसा पुरावा नसेल तर आयोग तो निर्णय परत पाठवतो. मात्र आयोगाला पोस्टल सर्व्हिसच्या निर्णयाऐवजी स्वतःचा निर्णय देता येत नाही. फेरविचाराला पाठवणं, एवढीच त्याची मजल.

आपल्या आजीच्या गावाशी तुलना करा. तिथे एका बाईला, बहुमत पाठीशी नसतानाही, लेखी कारण मागायचा आणि बाहेरच्या संस्थेकडे जायचा हक्क आहे. इथे कारणाचा कागदच अस्तित्वात नाही.

कायद्याला भोकं कुठे पडली?

अमेरिकेचा कायदा आदर्श आहे असं समजायचं कारण नाही. तो "बंद करणे" आणि "विलीन करणे" यावर बोलतो, "हलवणे" यावर बोलत नाही. पोस्टल सर्व्हिसनं हा फरक पुरेपूर वापरला.

कॅलिफोर्नियातल्या व्हेनिस या भागातलं १९३९ चं पोस्ट हे त्याचं ठळक उदाहरण. मंदीच्या काळातल्या सरकारी रोजगार कार्यक्रमांतून बांधलेली ती इमारत, आत भिंतीवर चित्र. २०१२ मध्ये पोस्ट समोरच्या दुसऱ्या इमारतीत हलवून जुनी इमारत एका चित्रपट निर्मात्याला विकण्यात आली. लोकांनी अपील केलं. पण हे पोस्ट बंद होत नाही, फक्त जागा बदलते, म्हणून हे आमच्या कक्षेत येत नाही, असं आयोगानं सांगितलं. हलवण्यासाठी वेगळे नियम आहेत. त्यांत स्थानिक लोकप्रतिनिधींना कळवणं आणि जाहीर सभा घेणं आहे. पण त्या निर्णयाविरुद्धचं अपील पोस्टल सर्व्हिसकडेच जातं. ज्यानं ठरवलं त्याच्याकडेच दाद मागायची.

हे भोक बुजवण्याचा प्रयत्न संसदेत झाला होता. १९९० च्या दशकाच्या शेवटी ऑरेगॉनचे प्रतिनिधी अर्ल ब्लूमेनॉअर आणि सिनेटमध्ये मॅक्स बॉकस व जेम्स जेफर्ड्स यांनी 'पोस्ट ऑफिस कम्युनिटी पार्टनरशिप' नावाचं विधेयक आणलं. पोस्ट बंद करणं, हलवणं किंवा नवीन बांधणं, या सगळ्याआधी समुदायाला कळवावं, मागणी झाली तर सुनावणी घ्यावी आणि पोस्टानं स्थानिक नगररचनेचे नियम पाळावेत, असा त्याचा गाभा होता. पोस्ट हा गावाच्या मध्यभागाचा कणा असतो, तो उचलून हमरस्त्यालगत नेला की बाजारपेठ मोडते, हा त्यामागचा विचार. विधेयक पुन्हा पुन्हा मांडलं गेलं, कायदा मात्र झाला नाही.

दुसरं भोक २०११-१२ मध्ये दिसलं. पोस्टल सर्व्हिसनं सुमारे ३,७०० पोस्टं बंद करण्याच्या विचारात असल्याची यादी काढली. देशभर विरोध झाला. मग २०१२ मध्ये वेगळी योजना आली: पोस्टं बंद करायची नाहीत, सुमारे १३,००० ग्रामीण पोस्टांचे तास कमी करायचे. काही ठिकाणी दिवसाला सहा, काही ठिकाणी चार, काही ठिकाणी फक्त दोन तास. दार उघडं राहिलं म्हणून पोस्ट "बंद" झालं नाही. मजूर बाईला त्या दोन तासांत पोहोचता येतं का, हा प्रश्न कायद्यानं विचारलाच नव्हता.

काही ठिकाणी लोकांनी दुसरी वाट काढली. बर्कली शहरात २०१२ साली मुख्य पोस्टाची जुनी इमारत विकण्याची घोषणा झाली. लोक रस्त्यावर आले. शहरानं २०१४ मध्ये त्या परिसरासाठी असे नगररचना नियम केले की इमारतीचा वापर सार्वजनिक कामापुरता मर्यादित राहील. पोस्टल सर्व्हिस शहराविरुद्ध न्यायालयात गेली आणि २०१८ मध्ये निकाल शहराच्या बाजूनं लागला. पोस्टाच्या कायद्यातून जे मिळालं नाही ते स्थानिक संस्थेच्या अधिकारातून मिळालं. हे लक्षात ठेवा, कारण आपल्या ग्रामपंचायती आणि नगरपालिकांकडे जागा आहेत.

पण "समुदाय" म्हणजे कोण?

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, मग आपणही मागणी करू: पोस्ट हलवण्याआधी ग्रामसभेचा ठराव घ्या. मला नेमकी इथंच भीती वाटते. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या इतिहासातून ती भीती खरी ठरते.

मिसिसिपी राज्यातल्या इंडियानोला गावात मिनी कॉक्स ही कृष्णवर्णीय स्त्री पोस्टमास्तर होती. १८९१ मध्ये तिची पहिली नेमणूक झाली, तिचं काम चोख होतं. १९०२ मध्ये गावातल्या गोऱ्यांनी सभा भरवली, तिनं राजीनामा द्यावा अशी मागणी केली, धमक्या दिल्या. तिनं राजीनामा दिला. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी तो स्वीकारला नाही. त्यांनी १९०३ च्या सुरुवातीला इंडियानोलाचं पोस्टच बंद केलं, टपाल दुसऱ्या गावाला वळवलं आणि तिचा पगार चालू ठेवला. पुढच्या वर्षी पोस्ट पुन्हा उघडलं, पण तिच्याविना.

दक्षिण कॅरोलिनातल्या लेक सिटीचं प्रकरण यापेक्षा भीषण आहे. तिथल्या गोऱ्यांना कृष्णवर्णीय पोस्टमास्तर फ्रेझियर बेकर नको होता. त्याला काढावं म्हणून आधी तक्रारी आणि अर्ज झाले. अर्जांनी काम झालं नाही, तेव्हा २२ फेब्रुवारी १८९८ च्या रात्री जमावानं त्याचं घर आणि पोस्ट एकत्र असलेली इमारत पेटवली. बेकर आणि त्याची तान्ही मुलगी मारली गेली. आज त्या दोन्ही गावांतल्या पोस्टांना मिनी कॉक्स आणि फ्रेझियर बेकर यांची नावं आहेत. त्यासाठी शंभरावर वर्षं जावी लागली.

दोन्ही गावांत "समुदायाचं म्हणणं" होतं. सभा झाल्या, अर्ज झाले, बहुमतही असेल. त्या काळी तिथे समुदाय या शब्दात फक्त गोरे मोजले जात. संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात बाबासाहेबांनी गावाला राज्यघटनेचा पाया मानायला नकार दिला आणि व्यक्तीला एकक मानलं, त्याचं कारण हेच होतं. गाव एकसंध नसतं. गावाचं एकमत म्हणून जे समोर येतं ते बऱ्याचदा गावातल्या बळकटांचं मत असतं. आमच्या आजीच्या गावात ओसरीचा विषय ग्रामसभेत आला असता तर? हात वर झाले असते, ठराव झाला असता, आणि आज निदान तोंडी तरी जी तक्रार करता येते ती "गावानं ठरवलंय" म्हणून बंद झाली असती.

म्हणून लोकांचं म्हणणं ऐकण्याचा कायदा आपल्याला हवा आहे, पण तो बहुमताच्या हातात पोस्टाची किल्ली देणारा नको. प्रत्येक वस्तीचं म्हणणं वेगळं नोंदवणारा आणि एका व्यक्तीलाही दाद मागू देणारा हवा. अमेरिकेच्या कायद्यातला "सेवा घेणारी कोणतीही व्यक्ती" हा भाग म्हणूनच मोलाचा आहे. बाबासाहेबांच्या विचाराशी जुळतो तो हाच भाग.

आपण काय मागायचं?

डाकघर कायद्याखाली नियम करण्याचा अधिकार केंद्राकडे आहे. म्हणजे नवा कायदा होईपर्यंत थांबायची गरज नाही, नियमांतही तरतूद होऊ शकते. माझ्या मते मागण्या या असाव्यात:

१. पोस्ट उघडणं, बंद करणं, हलवणं आणि वेळ कमी करणं, या चारही गोष्टींसाठी किमान ६० दिवसांची लेखी, मराठीतली सूचना द्यावी. ती फक्त ग्रामपंचायतीच्या फळ्यावर नको. प्रत्येक वस्तीत, समाजमंदिर, विहार, अंगणवाडी अशा ठिकाणी लावली जावी.

२. अनुसूचित जाती-जमातींच्या वस्तीत स्वतंत्र बैठक घ्यावी आणि स्त्रियांची वेगळी. हे नवीन नाही. महाराष्ट्रात ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याची कायदेशीर तरतूद आहेच. तेच तत्त्व वस्तीला लावायचं.

३. शाखा डाकघर शक्यतो सार्वजनिक मालकीच्या जागेत असावं. ग्रामपंचायतीची खोली, शाळेची वापरात नसलेली खोली, समाजमंदिर, काहीही. खासगी घरात ठेवणं अटळ असेल तर दार थेट रस्त्यावर उघडणारं असावं आणि सर्वांना आत बसून काम करता आलं पाहिजे, याची तपासणी व्हावी. यामुळे जागा शोधत फिरणाऱ्या आपल्या डाक सेवक मुलांचाही प्रश्न सुटतो.

४. निर्णय लेखी असावा आणि त्यात वस्त्यांवर, वृद्धांवर, अपंगांवर होणारा परिणाम नोंदवलेला असावा.

५. कोणत्याही एका ग्राहकाला खात्याबाहेरच्या यंत्रणेकडे अपील करता यावं आणि निकाल लागेपर्यंत पोस्ट आहे तिथेच राहावं.

६. पोस्टमास्तरची जात किंवा पोस्ट कोणत्या वस्तीत आहे, एवढ्या कारणावरचा आक्षेप विचारात घेतला जाऊ नये. संविधानाच्या १७ व्या कलमानं जे संपवलं, त्यावर मतदान होऊ शकत नाही.

यावर खात्याचं उत्तर ठरलेलं असेल: खर्च वाढेल, कामाला उशीर होईल, आता सगळं मोबाईलवर आलं आहे. खर्चाचा मुद्दा खोटा नाही. आपलं पोस्ट केंद्राच्या अर्थसंकल्पावर अवलंबून आहे. पण सूचना लावणं, बैठक घेणं आणि कारण लिहिणं याला पैसा किती लागतो? मोबाईलचं म्हणाल तर आजीकडे साधा फोन आहे, आणि तिचा अंगठा वाचणारं मशीन ओसरीवर आहे.

सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं. माहिती अधिकाराचा अर्ज असो की न्यायालयातली नोटीस, आपली चळवळ वर्षानुवर्षं रजिस्टर पोस्टाच्या पावतीवर चालली. तो बदल होताना आपल्याला कोणी विचारलं नाही आणि आपणही काही बोललो नाही. पुढचे बदल गावातल्या पोस्टांवर येतील तेव्हा तरी आपण तयार असलं पाहिजे.

कायदा होईपर्यंत

माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मध्ये दोन तरतुदी आहेत, ज्या आपण फार वापरत नाही. लोकांवर परिणाम करणारे महत्त्वाचे निर्णय जाहीर करताना संबंधित माहिती प्रसिद्ध करणं, आणि प्रशासकीय निर्णयाची कारणं बाधित व्यक्तींना देणं, हे सार्वजनिक प्राधिकरणाचं कर्तव्य आहे. त्याचा आधार घेऊन विभागाच्या डाक अधीक्षकांकडे अर्ज करा: आमच्या गावातलं पोस्ट हलवण्याचा आदेश, त्याआधीची पाहणी आणि कारणं यांच्या प्रती द्या. कागद नसेल तर "कागद नाही" हे लेखी उत्तरही पुढच्या लढाईत उपयोगी पडतं. पोस्ट खात्याच्या डाक अदालती वेळोवेळी भरतात, तिथे हा विषय न्या. ओसरीखाली उभं करणं हा प्रकार घडत असेल तर तो सेवेतल्या त्रुटीचा विषय राहत नाही. नागरी हक्क संरक्षण कायदा आणि अत्याचार प्रतिबंधक कायदा यांच्या अंगानं त्याकडे पाहायला हवं.

आणि सगळ्यात आधी एक साधं काम करा. येत्या रविवारी वंदना झाल्यावर विहारातच बसून वस्तीचा नकाशा काढा. पोस्ट कुठे आहे, कोणाच्या जागेत आहे, दार कुठे उघडतं, म्हातारी माणसं तिथे कशी जातात, आत बसतात की बाहेर उभी राहतात, हे लिहून काढा. तालुक्यातल्या पंचवीस-तीस गावांतून असे कागद जमले तर ते घेऊन अधीक्षकांकडे आणि खासदारांकडे जाता येईल. एका आजीची तक्रार बाजूला सारणं सोपं असतं. तीस गावांचे नकाशे समोर ठेवले की कोणाला तरी उत्तर द्यावं लागतं.

आजीच्या गावात आम्ही तो अर्ज केला आहे. सोबत ग्रामपंचायतीची जुनी खोली अजून रिकामी असल्याचा फोटो जोडला आहे. उत्तर आलं की कळवेन.

जयभीम.